कानावर पडेपर्यंत

"तुमच्या आईचा जन्म कुठल्या सालचा?" थाओने विचारलं.

मी मागच्या जिन्यात बसून केळीची पानं ओल्या फडक्याने पुसत होतो. "सेहेचाळीस," मी म्हणालो.

ती आत गेली. आतून तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंच्या हसण्याचा आवाज आला. थाओ परत आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"कुत्रा," ती म्हणाली.

"कोण?"

"तुमची आई. तुमची आई कुत्रा आहे. फार म्हणजे फारच चांगलं झालं."

थाओ तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे वाक्य निर्दोष होतं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, व्हिएतनाममधल्या क्वी न्यॉन नावाच्या समुद्रकाठच्या गावातली. आम्ही सात महिने त्या देशात फिरत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको वृंदा, अकरा वर्षांची शाल्मली आणि आई. वृंदा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, आणि ससा कुठेही बसून काढता येतो. मी ज्या साप्ताहिकात उपरोधिक सदर लिहायचो ते बंद पडलं होतं. माझ्या सदरामुळेच बंद पडलं असं संपादकांचं म्हणणं होतं, पण ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. आईला साताऱ्याला माझ्या धाकट्या भावाकडे, सुहासकडे, ठेवायचं ठरलं होतं. "मी तिथे काय करू? कुंड्यांना पाणी घालू?" असं म्हणून तिने स्वतःची पिशवी भरली. यापूर्वी ती महाराष्ट्राबाहेर एकदाच गेली होती, काशीला, आणि तिथलं पाणी तिला बाधलं होतं.

उत्तरेकडून सुरुवात करून आम्ही खाली सरकत होतो. इथे महिना, तिथे तीन आठवडे. लोक एखादा देश आठ दिवसांत पाहून त्याच्यावर पुस्तक लिहितात. मला सात महिन्यांनंतरही त्या देशाबद्दल खात्रीने एवढंच सांगता आलं असतं की तिथे कपडे कुठल्या गावात किती वेळात वाळतात. आई प्रत्येक गावाला दह्यावरून गुण द्यायची. क्वी न्यॉन नापास झालं होतं. तरी तिथे आम्ही तीन आठवड्यांसाठी आलो आणि तीन महिने राहिलो, याचं कारण थाओची आई.

त्यांचं नाव न्यान. आई त्यांना न्यानबाई म्हणायची. न्यानबाईंचं घराच्या पुढच्या भागात माशाच्या शेवयांचं दुकान होतं. माझ्या आईने आयुष्यात अंडंसुद्धा जवळून पाहिलेलं नव्हतं. पण चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला न्यानबाई मांसमच्छी वर्ज्य करतात हे कळल्यावर आईने निकाल दिला, "तिथी पाळणारं घर आहे." मग दोघी दिवसभर मागच्या ओसरीवर शेंगा निवडत बोलत बसायच्या. ही मराठीत, ती व्हिएतनामीत. तीन महिन्यांत त्यांचा एकदाही मतभेद झाला नाही.

तर कुत्रा. थाओने समजावलं. त्यांच्याकडे दर वर्षाला एक प्राणी असतो. येतं वर्ष घोड्याचं. न्यानबाई जन्माने वाघ. घोडा, वाघ आणि कुत्रा या तिघांचं मेतकूट असतं. आणि तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बाहेरचं जे माणूस घरात सगळ्यांत आधी पाऊल टाकतं, त्याच्या पायगुणावर त्या घराचं अख्खं वर्ष जातं. म्हणून ते माणूस आधीच ठरवून, आमंत्रण देऊन बोलावतात. तोवर दाराला आतून कडी.

"गेल्या वर्षी कडी राहिली," थाओ म्हणाली. "शेजारचे काका पहाटे शिडी परत करायला आले. सरळ आत. त्यांची सासू दीडच महिन्यापूर्वी वारली होती. सुतकी माणसाने तेतला कुणाच्या दारात जायचं नसतं. ते म्हणाले, शिडीवरून लक्षात राहिलं नाही."

"मग?"

"मग काय. पुरात दुकानाचं छप्पर गेलं. बाबांचा पाय मोडला. माझं लग्न मोडलं." तिने हे तिन्ही एकाच सुरात सांगितलं. "आई माझ्या लग्नाबद्दल त्या मुलाला दोष देत नाही. शिडीला देते."

न्यानबाई आतून काहीतरी म्हणाल्या.

"आई विचारते, तुमच्याकडे या वर्षात कुणी गेलेलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. आणि त्या दिवशी ते खरं होतं.

आईला हे सगळं मराठीत सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. ती शाल्मलीची वेणी घालत होती.

"कुत्रा?" ती म्हणाली. "असू दे. दत्ताच्या पायाशी चार असतात." मग वेणीचा पेड धरलेला तिचा हात थांबला. "पहिलं पाऊल म्हणजे... मी?"

"तू."

"सगळ्यांच्या आधी?"

"हो."

ती पेड सोडून पुन्हा घालायला लागली. "तिला सांगितलंस का?"

"काय?"

"काय म्हणजे. तुला माहितीये काय ते."

मला माहीत होतं. बाबा गेले तेव्हा आई सेहेचाळीसची होती. त्यानंतर आमच्याकडे कुणी तिला काही बोललं असं झालं नाही, सगळी माणसं सुशिक्षित होती. फक्त हळदीकुंकवाला तिच्याकडे नेहमी स्वयंपाकघर सोपवलं जायचं. सुहासच्या लग्नात नवरा-नवरी दारात उभी होती, आईने ओवाळायला तबक उचललं, आणि तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, सिंधूमावशीने, ते तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. "तू राहू दे कुमू, मी करते." आप्पामामा, दोघींचा थोरला भाऊ, मागून म्हणाला होता, "अगं करू दे की तिला!" पण तो हातात चपला घेऊन त्या ठेवायला जागा शोधत होता, आणि चपला घेतलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही. आई आत गेली आणि तिने शंभर माणसांच्या अळूवड्या तळल्या. त्यानंतर चौदा वर्षं दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, पण फक्त हवा आणि औषधं या दोन विषयांवर.

मी खाली जाऊन थाओला सांगितलं की माझे वडील नाहीत, बावीस वर्षं झाली, आईला वाटतं तुम्हाला हे आधी कळावं. थाओने ते आत पोचवलं. न्यानबाई स्वतःच बाहेर आल्या. हाताला तांदूळ लागलेले. त्यांनी लांबलचक काहीतरी विचारलं.

"काही लोक ते बघतात," थाओ म्हणाली. "आई बघत नाही. ती म्हणते, नवरा गेला, पण बाई आहे ना? दोन मुलगे आहेत, नात आहे. जिना चढते. आणि ती विचारते, दात स्वतःचे आहेत का?"

"आहेत. एक सोडून."

"मग झालं," न्यानबाईंच्या वतीने थाओ म्हणाली.

मी वर जाऊन आईला "मग झालं" एवढंच सांगितलं. मग तिने वृंदाला विचारलं, "तुझ्याकडे ती डाळिंबी साडी आहे ना गं? त्यांच्यात लाल लागतं म्हणे. त्यांच्यात लागतं म्हणून विचारते."

पुढचे दोन दिवस तिने जिन्याच्या पायरीवर उजवं पाऊल आधी टाकायचा सराव केला. कुणी बघतंय असं वाटलं की ती गुडघा चोळायची.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सुहासचा फोन आला. तो एरवी रविवारी करायचा.

"आई जवळ आहे?"

"समोर आहे."

"बाहेर जा."

मी गॅलरीत गेलो.

"आप्पामामा गेला."

"कुठे?" मी विचारलं. खरोखरच विचारलं. आप्पामामा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचा आणि उतरताना कॉलेजच्या पोरांना चालायचं कसं ते सांगायचा. तो किल्ल्यावर गेला असेल, फार तर पाय मुरगळला असेल, असंच मला वाटलं.

"परवा रात्री. झोपेत. सकाळी किल्ल्यावर जायला उठला नाही म्हणून मामी बघायला गेली." सुहास थांबला. "आईला सांगू नकोस. परत आलात की सांगू. प्रवासात कशाला? परक्या घरात कोपऱ्यात चटई टाकून सूतक पाळत बसेल."

"परत यायला दोन महिने आहेत."

"मग दोन महिन्यांनी सांगू. घाई काय आहे आता?"

"सिंधूमावशी?"

"तिलाही सांगितलेलं नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे तिचं. डॉक्टर म्हणाले, धक्का नको."

"मग मला का सांगितलंस?"

"कुणाला तरी सांगायला नको?" सुहास म्हणाला.

इथे आमच्या घराण्याची एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे माणसं मरतात लगेच, पण कळतात सवडीने. इंदूरच्या काकांना त्यांच्या भावाची बातमी मुलीचं लग्न, सत्यनारायण आणि मांडवपरतणं आटोपल्यावर दिली गेली. याला शास्त्राचा आधार आहे, किंवा आई तसं म्हणायची. सूतक माणूस गेल्यापासून लागत नाही, ते कानावर पडल्यापासून लागतं. जोवर ऐकलं नाही तोवर तुम्ही शुद्ध आहात, कार्य करा, पेढे खा. सुहासने मला सांगितलं त्या क्षणी मी सुतकात गेलो होतो आणि त्यानंतर दहा मिनिटांनी न्यानबाईंच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी केळ्यांचा घड धुवून देत होतो.

वृंदाला मी कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी गाठलं.

"सांगायला हवं," ती म्हणाली. "दोघींनाही. त्यांनी स्पष्ट विचारलं होतं तुला."

"तेव्हा कुणी गेलं नव्हतं."

"आज गेलंय."

"आज नाही, परवा."

"तू वकील का नाही झालास?" तिने शाल्मलीचा फ्रॉक पिळला. तो आधीच पिळलेला होता. "सांगितलं तर आईंना नाही बोलावणार."

"नाही."

"पुन्हा कुणीतरी तबक काढून घेतल्यासारखं."

"हो."

"आणि नाही सांगितलं तर या बाईंचं वर्ष."

"आपण मानतो का हे?" मी विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही," वृंदा म्हणाली आणि तोच फ्रॉक तिसऱ्यांदा पिळला.

दुपारी थाओचे बाबा प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून दारावर लाल कागद चिकटवायला मार्गदर्शन करत होते. थाओ स्टुलावर उभी होती. नव्या पत्र्याचं छप्पर चकाकत होतं. मी सांगायच्या तयारीने गेलो. घसा खाकरला.

"घरी सगळे ठीक ना?" तीच वरून म्हणाली. जुन्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी तिकडे सगळे सगळ्यांना हे विचारतात. आपल्याकडे "जेवण झालं का" विचारतात तसं.

"ठीक," मी म्हणालो. "कागद डावीकडे जरा खाली गेलाय."

दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, साडेसहाला आई तयार होती. आम्ही मागच्या बाजूला वर राहायचो, जिना बाहेरून होता, म्हणून शास्त्रानुसार आम्ही घराबाहेरचे होतो. आईने मागच्या बोळातून वळसा घालून पुढच्या दारात जायचं असं ठरलं होतं. डाळिंबी साडी तिला लांब होत होती. वृंदाने निऱ्या खोचून दिल्या आणि नंतर माझ्याकडे बघून ती आत निघून गेली.

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. मी रात्रभर वाक्य तयार केलं होतं.

"आई, जायच्या आधी एक सांगायचं होतं."

"नको."

"अगं, ऐक तर—"

"तेच म्हणते. ऐकायचं नाहीये." तिने पदर सारखा केला. "सुहास गुरुवारी कधी फोन करतो? तू उठून गॅलरीत गेलास. आलास तो केळ्यांशी बोलल्यासारखा बोलत होतास माझ्याशी. वृंदाने फ्रॉकचं पोतेरं केलं पिळून पिळून. मला डोळे आहेत. पण डोळ्यांनी लागत नाही ते. कानांनी लागतं."

मी तिच्या चपला पायरीवर सरळ करून ठेवल्या.

"नाव घेऊ नकोस. नातं सांगू नकोस. बाई की बुवा तेही नको. यांचे सणाचे तीन दिवस होऊ देत."

"तीन दिवस तुला न कळता...?"

"मला कळायचं ते कळलंय. तू बोलू नकोस म्हणजे झालं."

"आणि न्यानबाई? त्यांना फसवल्यासारखं नाही का होत?"

"मी कुणाला फसवते? मी तर काही ऐकलेलंच नाही," आई म्हणाली. "तू ऐकलंयस. तू माझ्या मागनं ये. माझ्या नंतर."

ती जिना उतरली. दर पायरीला उजवा पाय आधी.

पुढच्या दाराची कडी निघाली. न्यानबाई, थाओ आणि काठीवर रेललेले यजमान असे तिघं नवे कपडे घालून उंबऱ्याच्या आत ओळीने उभे होते. रस्त्यावर कुणीच नव्हतं. आई उंबऱ्यापाशी थांबली. तिथे ती नक्की किती वेळ थांबली हे मला सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. मग तिने खाली वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि उजवं पाऊल आत टाकलं.

आत जाऊन काय म्हणायचं ते थाओने तिच्याकडून दोन दिवस पाठ करून घेतलं होतं. ते ती साफ विसरली. तिने हात वर करून मराठीत सांगितलं, "अन्न कमी पडू नये. भांडणं होऊ नयेत. पाय लवकर जुळू दे. या पोरीला तो गाढव मिळाला नाही तेच बरं झालं, आता चांगला मिळू दे."

"काय म्हणाल्या?" थाओने मला विचारलं.

"शुभेच्छा दिल्या," मी म्हणालो.

न्यानबाईंनी दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि तिला देव्हाऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. आल्याची साखरेतली वडी दिली. आईने ती खाल्ल्यावर मगच घरातल्या बाकीच्यांनी हात लावला. यजमानांनी तिला चहा ओतून दिला, स्वतः, एका पायावर उभं राहून. मी आणि वृंदा मागे उभे होतो. शाल्मली म्हणाली, "आजी राणीसारखी बसलीय." खरं म्हणजे ती बँकेत पासबुक भरायला आल्यासारखी बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

(त्यांचं ते वर्ष कसं गेलं हे वाचकाला जाणून घ्यायचं असेल. बरं गेलं. पाय जुळला. थाओला पुढच्या पावसाळ्यापर्यंत एक बरा मुलगा मिळाला, शिडीच्याच घरातला, पुतण्या. त्यामुळे नक्की कुणाचा पायगुण, यावर त्या घरात दोन मतं पडली असावीत.)

सणाच्या त्या तीन दिवसांत आई सगळीकडे गेली. शेजारच्या दोन बायकांनी तिला मुद्दाम घरी नेलं. गावातल्या, जुन्या काळच्या चाम राजांनी बांधलेल्या देवळांच्या जोडबुरुजांकडे आम्ही गेलो, तिथे आत शंकराचं स्थान आहे हे आईने पहिल्या आठवड्यातच शोधून काढलं होतं. एरवी ती तिथे हात जोडायची. त्या दिवशी ती बाहेर गवतावर बसून राहिली. "तुम्ही या जाऊन," म्हणाली. मीही आत गेलो नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता देवळाकडे बघत बसलो, एकाने ऐकलेलं आणि एकीने न ऐकलेलं.

जेवण तिचं अर्ध्यावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्रावर ती शाल्मलीला सिंधूमावशीच्या गोष्टी सांगत होती. सिंधूने शाळेच्या गॅदरिंगला झाशीच्या राणीचं काम केलं आणि लाकडी घोड्यावरून पडली. सिंधूला पोहता यायचं नाही म्हणून ती विहिरीच्या काठावर बसून बाकीच्यांचे कपडे सांभाळायची आणि कुणी ओरडलं की सगळे पाण्यात टाकायची. शाल्मली खूप हसली. मलाही बरं वाटलं, चौदा वर्षांत आई मावशीबद्दल एवढं एका दमात बोलली नव्हती.

"सिंधू मनाने वाईट नव्हती," आई वाळूत रेघा ओढत म्हणाली. "घाबरट होती. लोक काय म्हणतील म्हणून आधी आपणच म्हणून टाकायची. त्या दिवशी तबक तिने घेतलं नसतं तर दुसरं कुणीतरी घेतलं असतं. त्यापेक्षा आपल्या बहिणीने घेतलेलं बरं, असं वाटलं असेल तिला. मी उगाच धरून बसले."

मी पाण्याकडे बघत होतो. माझ्या डोक्यात आप्पामामा होता, चपला हातात घेतलेला. त्यामुळे माझ्या काही लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी न्यानबाईंच्या अंगणात कागद जाळून पूर्वजांना निरोप दिला. सण संपला. पुढच्या दुकानात पुन्हा माशाचं पाणी उकळायला लागलं. आई वर आली, न्हाणीत जाऊन तिने बादली नळाखाली लावली आणि बाहेर येऊन चटईवर बसली.

"हं," ती म्हणाली. "सांग आता."

वृंदाने शाल्मलीला खाली पाठवलं. मी आईसमोर बसलो.

"आप्पामामा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वेगळंच काही बोललो असल्यासारखं.

"आप्पा काय?"

"आप्पामामा गेला, आई. मंगळवारी रात्री. झोपेत."

"आप्पा?"

"हो."

"आप्पा कसा जाईल?" ती म्हणाली. "आप्पाला काय झालंय?"

न्हाणीत बादली भरून वाहायला लागली होती. वृंदा उठून नळ बंद करून आली.

"सिंधू?" आईने विचारलं.

"मावशी आहे. तशीच आहे. काल डायलिसिस झालं असेल."

आई बराच वेळ चटईच्या काड्यांवरून बोट फिरवत राहिली.

"मी तिचं सगळं केलं रे," ती शेवटी म्हणाली. "तीन दिवस. मनातल्या मनात. तिला उचललं, नेलं. रडून घेतलं समुद्रावर, वारा होता म्हणून कुणाला दिसलं नाही. सगळं सोडून दिलं तिचं. आणि ती बसलीय तिकडे डाळिंब सोलत." तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की दुसरा ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. "आणि आप्पाकरता काहीच नाही. आप्पाला आठवलंसुद्धा नाही मी तीन दिवसांत. एकदासुद्धा नाही."

"तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं ना," आई म्हणाली. "मीच म्हटलं होतं सांगू नकोस."

ती उठली, न्हाणीत गेली. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आली ती तिच्या नेहमीच्या करड्या साडीत, केसांतून पाणी गळत होतं. आता ती कोपऱ्यात चटई ओढून बसेल असं मला वाटलं. ती टेबलापाशी खुर्चीवर बसली.

"सिंधूला फोन लाव."

"मावशीला सांगितलेलं नाहीये. डॉक्टर—"

"बरोबर आहे. सांगू नयेच. लाव तू."

मी लावला. तिथे सकाळचे साडेआठ वाजले असतील. स्पीकरवर मावशीचा आवाज आला, बारीक, पण तिचाच.

"कोण, कुमू? परदेशातून? हवा कशी आहे तिकडे?"

"हवा बरी आहे," आई म्हणाली. "सिंधू, ऐक. इथे यांचं नवं वर्ष झालं परवा. या लोकांच्यात पहिल्या दिवशी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्याला मान असतो. साल, तिथी, सगळं बघून बोलावतात. मला बोलावलं होतं."

फोनमधून काही आवाज येईना. लाइन गेली असं मला वाटलं.

"तुला?" मावशी म्हणाली.

"मला. सगळ्यांच्या आधी. उंबऱ्यात उभे होते सगळे माझ्यासाठी."

"गेलीस?"

"गेले."

मावशीने नाक ओढलं. मग ती म्हणाली, "बरं केलंस कुमू. फार बरं केलंस." आणि थोडं थांबून, "आप्पाला सांगितलंस का गं? त्या दिवशी तो एकटाच तुझ्या बाजूने बोलला होता. आम्ही कुणी ऐकलं नाही त्याचं."

"नाही अजून."

"सांग त्याला. फार बरं वाटेल त्याला."

आईच्या केसांतलं पाणी टेबलावर पडत होतं. तिने ते हाताने एका बाजूला पुसलं.

"सांगते," ती म्हणाली.